घाटमाथ्याचे पाणी, मुंबईची वीज

विसावे शतक उजाडले तेव्हा मुंबईचे आकाश गिरण्यांच्या चिमण्यांनी व्यापलेले होते. परळ, लालबाग, भायखळा, चिंचपोकळी या भागांत प्रत्येक गिरणीचे स्वतःचे बॉयलर, स्वतःचे वाफेचे इंजिन आणि स्वतःची चिमणी असे. इंजिनाचे अवजड चक्र फिरे, त्यावरून दोर आणि पट्टे मजल्या-मजल्यावरच्या शाफ्टपर्यंत जात आणि शाफ्टच्या जोरावर साचे चालत. मुंबईच्या जवळपास कोळशाची खाण नाही. कोळसा बंगालकडून यायचा, परदेशातून बोटीनेही यायचा. त्याचा भाव वाहतुकीवर ठरायचा आणि धूर मात्र इथेच राहायचा. हा त्रास एवढा वाढला की १९१२ साली मुंबई सरकारला धुराच्या उपद्रवाविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. चिमणीच्या सर्वांत जवळ राहणारा माणूस गिरणीकामगार होता.

या धुराला उत्तर म्हणून एक संस्था उभी राहिली, असे म्हटले तर ते अर्धेच खरे ठरेल. कोळसा महाग पडत होता, हे पहिले कारण. धूर कमी होणे हा त्याचा दुसरा लाभ. पण या दोन्ही कारणांच्या मागे एक मोठी गोष्ट होती: मुंबईपासून साठ-सत्तर किलोमीटरवर सह्याद्रीच्या माथ्यावर दर पावसाळ्यात प्रचंड पाऊस कोसळतो आणि त्याच्या पायथ्याशी कोकण समुद्रसपाटीच्या जवळ पसरलेले आहे. एवढे पाणी, एवढ्या उंचीवर आणि एवढ्या मोठ्या शहराच्या इतक्या जवळ, असा योग जगात फार थोड्या शहरांच्या वाट्याला आला असेल.

हा योग पहिल्यांदा हेरला तो डेव्हिड गॉसलिंग या मुंबईतल्या वास्तुविशारदाने. जमशेटजी टाटांनी ती कल्पना उचलून धरली. १९०४ च्या मे महिन्यात जर्मनीत त्यांचे निधन झाले तेव्हा पोलाद, विज्ञानसंस्था आणि जलविद्युत ही त्यांची तिन्ही मोठी स्वप्ने कागदावरच होती. पुढचे काम दोराबजी टाटांनी नेटाने केले. दक्षिणेत म्हैसूर संस्थानाने १९०२ मध्येच शिवनसमुद्रच्या धबधब्यावर वीज तयार करून ती कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत नेली होती, त्यामुळे हे काम हिंदुस्थानात होऊ शकते की नाही, ही शंका उरलेली नव्हती. शंका होती ती पैशाची. स्वदेशीची चळवळ ताजी होती, देशी भांडवलावर मोठे काम उभे करण्याचा उत्साह होता. ७ नोव्हेंबर १९१० रोजी टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनीची नोंदणी झाली. १९११ च्या फेब्रुवारीत लोणावळ्याला गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते पायाभरणी झाली.

या कामाची रचना नीट समजून घेण्यासारखी आहे. पुढच्या शंभर वर्षांतल्या सगळ्या चांगल्या-वाईट गोष्टी तिच्यातूनच निघतात.

घाटमाथ्यावर पडलेला पाऊस स्वभावतः पूर्वेकडे वाहतो. इंद्रायणीचा उगम लोणावळ्याजवळ होतो. तिचे पाणी देहू-आळंदीवरून भीमेला मिळते, भीमा पंढरपूरला जाते, पुढे कृष्णा आणि शेवटी बंगालचा उपसागर. म्हणजे समुद्रापासून हाकेच्या अंतरावर पडलेला पाऊस अख्खे द्वीपकल्प ओलांडून दुसऱ्या समुद्राला जातो. कंपनीच्या अभियंत्यांनी हा प्रवास उलटा केला. लोणावळा, वळवण आणि शिरवता येथे धरणे बांधून पाणी अडवले, ते कालव्यांतून खंडाळ्याच्या कड्यापर्यंत आणले आणि तिथून पोलादी पाइपांतून थेट पश्चिमेला, खोपोलीला सोडले. ही उतरण पाचशे मीटरांहून जास्त आहे. एवढ्या उंचीवरून आलेले पाणी नोझलमधून सुटते तेव्हा त्याचा फवारा लोखंडी सळईसारखा घट्ट असतो. तो पेल्टन चक्राच्या वाट्यांवर आदळतो, चक्र फिरते आणि त्याला जोडलेले जनित्र वीज तयार करते.

हिशेब केला तर त्यातली ताकद लक्षात येते. एक हजार लिटर पाणी पाचशे मीटर खाली आले, की गळती-घर्षण वजा जाता साधारण सव्वा युनिट वीज मिळते. तेवढीच वीज कोळशावर तयार केली तर एक किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, राख वेगळीच. आणि खोपोलीला टर्बाइनमधून बाहेर पडलेले पाणी जसेच्या तसे स्वच्छ असते, ते पुढे पाताळगंगेला जाते. पावसाचे चार महिने सोडले तर वर्षभर वीज देण्याची जबाबदारी तलावांवर होती. म्हणून धरणे मोठी हवी होती, आणि मोठी धरणे म्हणजे बुडणारी जमीन. पहिल्या टप्प्यात या गोष्टीचा बोभाटा झाला नाही. तो पुढे मुळशीला झाला.

१९१५ मध्ये गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी कळ दाबली आणि खोपोलीची वीज मुंबईकडे निघाली. युरोपात महायुद्ध पेटलेले होते. एक लाख व्होल्टच्या तारा खाड्या ओलांडून परळच्या केंद्रात पोहोचत होत्या. त्या काळात एवढ्या दाबाची आणि एवढी लांब वाहिनी ही देशात अपूर्वाई होती. गिरणीमालक लगेच धावत आले असे मात्र नाही. ज्याने वाफेच्या इंजिनावर पैसा ओतला आहे, त्याला ते इंजिन भंगारात काढून दुसऱ्याच्या तारेवर विसंबायला धीर हवा. पण मोटरवर चालणाऱ्या साच्याला लांबलचक शाफ्ट लागत नव्हता, खात्याखात्याला वेगळी मोटर लावता येत होती, आणि मुख्य म्हणजे कोळशाच्या बोटीची वाट पाहावी लागत नव्हती. एकेक करून गिरण्या विजेवर आल्या. गिरणगावातल्या कित्येक चिमण्या उभ्याच राहिल्या, पण त्यांतून धूर निघेनासा झाला. मुंबईच्या हवेला मिळालेला तो पहिला मोठा दिलासा होता, आणि त्याचे श्रेय या संस्थेला मोकळ्या मनाने दिले पाहिजे.

मागणी वाढली तशी दुसरी कंपनी निघाली: १९१६ मध्ये आंध्रा व्हॅली पॉवर सप्लाय कंपनी. मावळातल्या आंध्रा नदीवर ठोकरवाडीला धरण झाले आणि १९२२ मध्ये कर्जतजवळ भिवपुरीचे वीजकेंद्र सुरू झाले. गिरण्यांपाठोपाठ रेल्वेही विजेवर आली: ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेवरची रेल्वेगाडी धावली. त्यानंतरच्या मुंबईची कल्पना लोकलशिवाय करताच येत नाही. कामगार वसई-कल्याणहून रोज शहरात येऊ शकला, शहर लांब पसरू शकले, ते या विजेच्या गाड्यांमुळे. ट्रामला आणि घरांना वीज देणाऱ्या बेस्ट या कंपनीचे स्वतःचे कोळशावरचे वीजघर शहरात होते, पुढे तिनेही टाटांची वीज घाऊक घ्यायला सुरुवात केली. आजही दक्षिण मुंबईतल्या घरात बेस्टचे बिल येते, पण त्यामागच्या विजेचा मोठा भाग टाटांकडून येत आलेला आहे.

आता मुळशी.

तिसरी कंपनी १९१९ मध्ये निघाली, तिचे नाव टाटा पॉवर कंपनी. निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचे, पाणी बोगद्यातून कड्यापर्यंत न्यायचे आणि कोकणात भिरा येथे वीजकेंद्र उभारायचे, अशी ही योजना तिन्हींत मोठी होती. धरणात मुळशी पेट्यातली पन्नासच्या आसपास गावे जाणार होती. भाताची खाचरे, कुलदैवते, गायरान, आंब्याची झाडे, सगळे. जमीन संपादनासाठी सरकारने १८९४ चा कायदा वापरला. सार्वजनिक कामासाठीचा कायदा एका खाजगी कंपनीसाठी राबवला गेला, आणि त्याचे समर्थन असे केले गेले की वीज म्हणजे सार्वजनिक हितच.

मावळ्यांनी हे ऐकून घेतले नाही. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशीच्या सत्याग्रहाला सुरुवात झाली. शेकडो माणसे कामाच्या जागी जाऊन बसली. बायका होत्या, मुले होती. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. विनायकराव भुस्कुटे यांनी गावोगाव फिरून माणसे उभी केली. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट या लढ्याचे पुढारी झाले आणि इथूनच त्यांना ‘सेनापती’ हे नाव मिळाले. काम काही काळ थांबले, पुन्हा सुरू झाले, माणसे पुन्हा तुरुंगात गेली. १९२४ च्या डिसेंबरात बापटांनी साथीदारांसह शस्त्रे घेऊन कामगारांची गाडी अडवली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि लढा संपला. १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजकेंद्र सुरू झाले.

लढा का हरला याचे उत्तर फक्त सरकार आणि कंपनी यांच्या बळात शोधून चालत नाही. मुळशीच्या पुष्कळ जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या नावावर होत्या. कसणारा मावळा एक, मालक दुसरा. नुकसानभरपाईचा दर वाढवून मिळतोय म्हटल्यावर सावकारांचा मोठा गट राजी झाला. मावळ्याला हवी होती जमीन, सावकाराला रक्कम. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा जो सखोल अभ्यास केला, त्यात हा पेच फार स्पष्टपणे मांडला आहे. भुस्कुट्यांनी स्वतःही या सत्याग्रहावर पुस्तक लिहून ठेवले. मुंबईच्या विजेचा इतिहास वाचणाऱ्याने ही पुस्तके कंपनीच्या अहवालांच्या शेजारी ठेवावीत. कंपनीच्या कागदात मुळशी म्हणजे साठवणक्षमता आहे, या पुस्तकांत मुळशी म्हणजे गावांची नावे आहेत.

आणि या गावांना मिळाले काय? विस्थापितांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने १९७६ मध्ये केला. मुळशीची माणसे त्याआधी अर्धे शतक उठली होती. काहींनी तलावाच्या वरच्या अंगाला, कड्यांच्या कुशीत, पुन्हा घरे बांधली. ज्या पाण्याखाली आपले घर गेले त्याच पाण्याच्या काठावर राहून, ते पाणी घाट उतरून वीज होण्यासाठी दूर जाताना पाहत त्यांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या. मुंबईची वीज स्वच्छ आहे असे आपण म्हणतो तेव्हा धूर नाही एवढेच आपल्या मनात असते. मला वाटते, स्वच्छतेच्या या हिशेबात मुळशीचाही रकाना असायला हवा.

पाण्याच्या दिशेचा प्रश्नही तेव्हापासून मागे लागलेला आहे. घाटमाथ्यावरचे हे पाणी पश्चिमेला वळले म्हणजे भीमेच्या आणि कृष्णेच्या खोऱ्यातून ते कमी झाले. कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळणाऱ्या या पाण्यावर मर्यादा घातली. दुष्काळी वर्षात सोलापूरकडून मागणी होते, की टाटांच्या धरणांतले पाणी विजेसाठी न सोडता भीमेत सोडा. मागणीत तथ्य आहे. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. भिऱ्याहून सुटलेल्या पाण्यामुळे कुंडलिका उन्हाळ्यातही वाहते, कोलाड-रोह्याची शेती आणि कारखाने तिच्यावर जगतात, कोलाडला राफ्टिंग करायला येणाऱ्यांची बोटही त्याच पाण्यावर तरंगते. भिवपुरीचे पाणी उल्हासला मिळते आणि ठाणे जिल्ह्यातल्या शहरांच्या नळांना येते. शंभर वर्षांत एका बाजूची नदी दुसऱ्या बाजूच्या जगण्याचा भाग होऊन बसली. आता ती सरसकट परत फिरवायची म्हटले तर कोकणपट्टीतल्या लाखो घरांचे नळ कोरडे पडतील. म्हणून वाटा ठरवताना दुष्काळी वर्षासाठी वेगळा नियम आणि चांगल्या पावसाच्या वर्षासाठी वेगळा नियम, असा मार्ग मला अधिक न्याय्य वाटतो.

स्वातंत्र्यानंतर मुंबई झपाट्याने वाढली. घाटमाथ्यावरच्या चांगल्या जागा वापरून झाल्या होत्या. एखाद्या वर्षी पाऊस कमी झाला की तलाव भरत नसत आणि वीज कपात करावी लागे. पाण्यावर उभ्या राहिलेल्या या संस्थेने मग कोळसा-तेलाकडे तोंड वळवले. १९५६ मध्ये तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, औष्णिक केंद्राचा पहिला संच सुरू झाला. शेजारी नुकत्याच तेलाच्या रिफायनऱ्या आल्या होत्या. १९८४ मध्ये इथेच देशातला पहिला ५०० मेगावॅटचा संच सुरू झाला, सहा वर्षांनी त्याच क्षमतेचा दुसरा. मग नैसर्गिक वायूवरचा १८० मेगावॅटचा, आणि २००९ मध्ये कोळशावरचा २५० मेगावॅटचा. तिन्ही जलविद्युत केंद्रांची मिळून क्षमता आज ४४७ मेगावॅट आहे: भिरा ३००, भिवपुरी ७५, खोपोली ७२. ट्रॉम्बेचा एक मोठा संच एकटाच या सगळ्यांना मागे टाकतो. ज्या शहरातला धूर या संस्थेने कमी केला, त्याच शहरात तिने चिमणी उभारली, तीही २७५ मीटर उंच.

ट्रॉम्बेच्या बाजूने बोलायचे तर तिथे काळजी घेतली गेली, हे मान्य केले पाहिजे. धुरातला गंधक समुद्राच्या पाण्याने धुऊन काढण्याची यंत्रणा देशात सर्वांत आधी इथेच, १९८० च्या दशकात बसली. देशातल्या बहुतेक औष्णिक केंद्रांनी त्यानंतर तीसेक वर्षे अशी यंत्रणा बसवली नव्हती. तरीही कोळसा तो कोळसा. जळलेल्या कोळशातल्या उष्णतेपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपासच विजेत उतरते, उरलेली धुराड्यातून आणि थंड करण्याच्या पाण्यातून निघून जाते. ट्रॉम्बेची ती उष्णता ठाण्याच्या खाडीत सोडली जाते.

इथे थोडे विषयांतर करतो. डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनला, वीजकेंद्रातली हीच वाया जाणारी उष्णता गरम पाण्याच्या पाइपांतून घरोघरी नेतात. शहरातली जवळजवळ सगळी घरे हिवाळ्यात या पाण्याने उबदार राहतात, त्यामुळे घराघरात वेगळी भट्टी पेटवावी लागत नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर त्या देशाने १९७९ मध्ये यासाठी कायदा केला, नगरपालिकांना घरे या जाळ्याला जोडण्याचे अधिकार दिले आणि आजूबाजूच्या पालिकांनी एकत्र येऊन मोठ्या वाहिन्या टाकल्या. एकाच इंधनातून वीज आणि ऊब अशी दोन्ही कामे झाली म्हणजे इंधनाचा खूपच मोठा वाटा कामी येतो. पुढे कोळशाच्या जागी त्यांनी लाकूडचुरा आणि कचरा आणला, आणि पाइप तेच राहिले. मुंबईला हिवाळ्याची ऊब नको आहे, म्हणून कोपनहेगनची नक्कल इथे करण्यात अर्थ नाही. पण त्या शहराने स्वतःच्या हवामानाला साजेशी एक गोष्ट हेरली आणि ती पन्नास वर्षे न सोडता वाढवली. मुंबईला साजेशी गोष्ट गॉसलिंगने शतकापूर्वीच दाखवून दिली होती: उंचावरचे पाणी.

ट्रॉम्बेच्या शेजारचे माहुल हे जुने कोळीवाड्याचे गाव. रिफायनऱ्या, रासायनिक कारखाने आणि औष्णिक केंद्र यांच्या मध्ये ते अडकले आहे. तिथे सरकारने प्रकल्पग्रस्तांसाठी इमारतींची वसाहत बांधली आणि पाण्याच्या मोठ्या वाहिनीलगतच्या झोपड्या पाडून तिथल्या लोकांना या इमारतींत पाठवले. लोक आजारी पडू लागले, आंदोलने झाली आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या प्रदूषित हवेत कुणाला राहायला भाग पाडता येणार नाही असे बजावले. शहराला जे नकोसे असते ते शहराच्या कडेला ढकलले जाते आणि त्याच कडेला शहरातली सर्वांत गरीब माणसेही ढकलली जातात. मुळशीनंतर शंभर वर्षांनी हाच हिशेब मुंबईच्या आतच मांडला जात होता. ट्रॉम्बेचे कोळशावरचे संच बंद करण्याचा विषय गेल्या काही वर्षांत निघतो, शहराची मागणी दाखवून मुदत पुढे ढकलली जाते. मुंबईची कमाल मागणी आता चार हजार मेगावॅटच्या वर जाते आणि बाहेरून वीज आणायला वाहिन्यांसाठी जागा तोकडी आहे, हे कारण खोटे नाही. २०२३ मध्ये खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी सुरू झाली, त्याने गळफास थोडा सैल झाला. आणखी वाहिन्या होतील तसतसे ट्रॉम्बेचा कोळसा चालू ठेवण्याची सबब कमी होत जाईल. माहुलच्या लोकांनी तोपर्यंत थांबावे, असे म्हणणे मात्र मला जड जाते.

मधल्या वर्षांची वाटचाल थोडक्यात सांगतो. २००० मध्ये तिन्ही कंपन्या टाटा पॉवर या एकाच नावाखाली आल्या. त्यानंतर कंपनी मुंबईपलीकडे देशभर पसरली. सौर पॅनेलही तयार केले आणि गुजरातेत मुंद्रा येथे ४००० मेगावॅटचे आयात कोळशावरचे केंद्रही उभारले. मुंद्राचा व्यवहार कंपनीला वर्षानुवर्षे त्रासाचा ठरला. आता नवे कोळसा केंद्र उभारायचे नाही आणि २०४५ पर्यंत सगळी वीज स्वच्छ स्रोतांतून तयार करायची, असे तिने जाहीर केले आहे.

२००० नंतरच्या काळात उरलेल्या महाराष्ट्रात भारनियमन होते. गावांत दहा-बारा तास वीज नसायची, मुंबईत मात्र असायची. मुंबईची वीजव्यवस्था राज्याच्या जाळ्यातून तुटली तरी स्वतंत्र बेटासारखी चालू राहावी, अशी यंत्रणा १९८१ पासून आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी ती कामी आली नाही. कळव्याजवळच्या वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबई अंधारात गेली. लोकल थांबल्या, करोनाचे रुग्ण असलेली रुग्णालये जनरेटरवर गेली. शहर पुन्हा उभे करायला ट्रॉम्बेबरोबर घाटाखालची जुनी जलविद्युत केंद्रे धावून आली. औष्णिक संच एकदा बंद पडला की तो पेटवून तापवायला तासन्‌तास लागतात आणि ते करायलाही बाहेरून वीज लागते. पाण्याचे चक्र मात्र झडप उघडली की काही मिनिटांत फिरते. भिरा, भिवपुरी, खोपोलीचे महत्त्व त्या दिवशी मेगावॅटच्या आकड्यापेक्षा कितीतरी मोठे ठरले.

संस्थेचा पुढचा टप्पा याच गुणावर उभा आहे. सौर वीज दुपारी भरपूर असते, मुंबईला सर्वांत जास्त हवी असते ती संध्याकाळनंतर. दुपारची वीज साठवायची कुठे? घाटमाथा हे उत्तर आहे. खालचे पाणी दुपारच्या स्वस्त सौर विजेवर पंप करून वर चढवायचे आणि रात्री तेच पाणी टर्बाइनमधून खाली सोडायचे. यालाच उदंचन म्हणतात. यात वीज तयार होत नाही, उलट चढवण्यात जेवढी खर्च होते त्यातली तीन-चतुर्थांश किंवा थोडी जास्त परत मिळते. पण योग्य वेळी मिळते. भिऱ्याला १९९० च्या दशकात असा १५० मेगावॅटचा संच बसला, नगर-ठाण्याच्या सीमेवर घाटघरला राज्य सरकारचा २५० मेगावॅटचा प्रकल्प आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने महाराष्ट्र सरकारशी भिवपुरीला १००० आणि शिरवत्याला १८०० मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पांचा सामंजस्य करार केला. गुंतवणूक सुमारे १३,००० कोटी रुपयांची सांगितली गेली. दोन्ही जागा जुन्याच आहेत. १९११ मध्ये जिथे पायाभरणी झाली त्या लोणावळ्याच्या तलावांपैकी शिरवता एक, आणि १९२२ मध्ये ज्या पायथ्याशी वीज सुरू झाली ते भिवपुरी. दोन्ही मिळून २८०० मेगावॅट म्हणजे आजच्या तिन्ही जलविद्युत केंद्रांच्या सहापटीहून जास्त. हे काम पार पडले तर ट्रॉम्बेचा कोळसा विझवण्यासाठी मुंबईला पहिल्यांदाच खरा पर्याय मिळेल. म्हणूनच मला ते मनापासून व्हावेसे वाटते.

पण ते होताना जुन्या हिशेबाचे काय करायचे, हे आत्ताच ठरले पाहिजे. घाटमाथ्यावरच्या आदिवासी वाड्यांची, तलावांच्या काठच्या गावांची आज जी जमीन, जी वाट, जे पाणवठे आहेत, त्यांना हात लावण्याआधी ग्रामसभेची संमती घ्यावी. या विजेच्या विक्रीतला ठरावीक वाटा दरवर्षी त्या गावांकडे जावा आणि तो देणगी म्हणून नको, करारातले कलम म्हणून हवा. मुळशी, ठोकरवाडी आणि वळवणच्या काठच्या प्रत्येक घराला दिवसरात्र वीज आणि उन्हाळ्यात पिण्याचे पाणी मिळते की नाही, हे कंपनीने दरवर्षी छापून जाहीर करावे. त्या तलावांत बुडालेल्या गावांची पूर्ण यादी आणि संपादनाची कागदपत्रे संशोधकांना खुली करावीत. कामाला सुरुवात होण्याआधी हे सगळे करारात घालता येते, यंत्रे बसल्यावर त्यासाठी कोर्टकचेऱ्यांत पिढ्या जातात, हे मुळशीच्या माणसांना सरकारपेक्षा आणि कंपनीपेक्षा जास्त चांगले ठाऊक आहे.